मेथीच्या जुडीखाली

मेथीची जुडी आधी पडली, आणि मग मासे.

कारेलीबागेत पाण्याच्या टाकीजवळ, रविवारी सकाळी, रूपालीची सनी मोपेड दोनदा खोकली, गचका देऊन थांबली आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीचा बंद तुटला. मेथी रस्त्यावर पसरली. वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली. आणि दोन पापलेटं, घासूनपुसून ठेवलेल्या चांदीच्या ताटल्यांसारखी, अख्ख्या बडोद्याला दिसतील अशी डांबरावर पहुडली.

गाडी इथेच टाकून पळून जावं, असं रूपालीला वाटलं.

त्याला कारण होतं. अमृतकुंज सोसायटीत शिर्क्यांचं, म्हणजे रूपालीचं, एकच मराठी घर. बाकी कुणी अंड्यालाही शिवत नसे. रूपालीचे पणजोबा गायकवाडी फौजेत घोडदळात होते म्हणे. पण त्यांच्या नातवाला, म्हणजे तिच्या बाबांना, प्रतापसिंहरावांना, दर रविवारी मासळी घरात आणताना चोरासारखं यावं लागे. खाली मासे, वर मेथीची जुडी. घरी आलं की स्वयंपाकघराची खिडकी बंद, दोन उदबत्त्या, आणि मग तवा. काटे कागदात गुंडाळून बाबा संध्याकाळी फिरायला निघत आणि लांबच्या कचराकुंडीत टाकून येत. हा नियम कुणी केला नव्हता. पण आई होती तेव्हापासून तो पाळला जात होता. आज बाबांचा गुडघा सुजला, म्हणून बाजारात रूपाली गेली होती. आणि आजच...

"वाग्युं तो नथी ने?" लागलं तर नाही ना, असं मागून कुणीतरी स्कूटर थांबवत गुजरातीत विचारलं.

"अगं बाई..." रूपाली पिशवी गोळा करता करता पुटपुटली.

"अरे, मराठी!" तो उतरला. उंच, थोडा वाकून चालणारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने वाकून पापलेट उचललं, तेही कल्ल्याखाली बोट घालून, सराईतासारखं. "तुमचं?"

"नाही! म्हणजे... लॅबचं आहे. मी झूऑलॉजीची डेमॉन्स्ट्रेटर आहे, कॉलेजात. डिसेक्शनसाठी..."

"रविवारी?"

"उद्या प्रॅक्टिकल आहे."

"आणि मेथी?"

"मेथी..." रूपालीचे कान तापले. "मेथी घरची."

त्याने गंभीरपणे मान हलवली. रस्त्यावर घरंगळलेली आणखी एक लहानशी पुडी उचलली, क्षणभर ती न्याहाळली आणि पिशवीत टाकली.

"मी उन्मेष. फिजिक्स शिकवतो. खरं सांगू? मी तुम्हालाच शोधत होतो."

"मला?"

"म्हणजे..." आता त्याचे कान लाल झाले. "माशांची नावं मराठीत सांगू शकेल अशा कुणालातरी."

गोष्ट अशी होती. आदल्या वर्षीच्या वसंतात उन्मेष इटलीत, एड्रियाटिक समुद्राच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या त्रिएस्ते नावाच्या गावात भौतिकशास्त्राच्या एका अभ्यासवर्गाला गेला होता. दिवसा समीकरणं आणि पहाटे-संध्याकाळी धक्क्यावर गळ टाकून बसणं, असे त्याचे तीन महिने गेले. मराठी मंडळाच्या दिनकररावांना हे कळलं आणि त्यांनी वसंत व्याख्यानमालेत त्याचं एक पुष्प ठेवूनच टाकलं — 'एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर वसंतातली मासेमारी', स्लाइड्ससह.

"मासे इटालियनमध्ये माहीत आहेत," उन्मेष म्हणाला. "मराठीत मला फक्त 'मासा' येतं. आमच्या घरी तेवढं बोललं तरी आई देवघरात जाते."

रूपाली हसली. आणि हसता हसता तिने मनात नोंद केली: यांच्या घरी चालत नाही.

*

मंडळाच्या वाचनालयात दुपारी कुणी नसे. पंखा कुरकुरत असे, खिडकीबाहेर केसुड्याची, म्हणजे पळसाची, भगवी फुलं गळत असत, आणि ती दोघं स्लाइड्स उजेडासमोर धरून पाहत. एक स्लाइड, दोन डोकी... मग कुणीतरी एक डोकं घाईने मागे घेई.

"वसंतात तिथला समुद्र फसवतो," उन्मेष सांगत होता. "हवा ऊबदार, झाडांना फुलं, माणसं उन्हात आइस्क्रीम खात बसलेली. आणि पाण्यात हात घातला की बोटं बधिर! मार्चमध्ये नऊ-दहा अंश. हवेचा वसंत आधी येतो, पाण्याचा महिनाभराने."

"पाण्याचा विशिष्ट उष्मा जास्त ना."

"हे मी सांगायचं होतं. फिजिक्स माझं आहे."

"बरं. मग मासे माझे."

"दिले," तो म्हणाला, जरा जास्तच पटकन.

मग वाऱ्यांची पाळी आली. बोरा डोंगरावरून उतरतो, ईशान्येचा. कोरडा आणि गार, इतका की म्हातारी माणसं रस्त्यात दिव्याच्या खांबाला धरून उभी राहतात. त्या दिवशी गळ घरीच ठेवायचा. शिरोक्को मात्र आग्नेयेचा, ओला, ऊबदार. तो पाणी फुगवतो, गढूळ करतो, किनाऱ्याशी फेसाचा पट्टा उभा करतो.

"तो ओसरला," उन्मेष खुर्चीत पुढे सरकला, "की दुसऱ्या दिवशी उजाडताना धक्क्यावर जायचं. ब्रान्झिनो अगदी दगडांपाशी आलेला असतो. लाटांनी उकरलेले किडे, कोळंबी, सगळं त्याला आयतं मिळतं. शिवाय गढूळ पाण्यात दोर दिसत नाही, म्हणून तो धीट असतो."

"आणि पाणी स्वच्छ असेल तर?"

"तर बुजतो. मग दोर केसासारखा बारीक घ्यायचा. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही."

"तुम्ही? न बोलता?"

"म्हणूनच स्वच्छ पाण्यात मला एकही मासा मिळाला नाही."

ब्रान्झिनोला मराठीत काय म्हणायचं, यावर एक अख्खी दुपार गेली. जिताडा म्हणू या, असं उन्मेषचं मत. रूपाली ऐकेना. तोंडवळा तसा असला तरी कूळ वेगळं. शास्त्र म्हणजे शास्त्र.

"मग जिताड्याचा लांबचा भाऊ?"

"चालेल."

"दिनकरराव विचारतील, चुलत की मावस."

सर्वांत मजेची होती माकुलाची, म्हणजे कटलफिशची, स्लाइड. वसंतात माकूल अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. उन्मेषला गळ धरायला शिकवणारा बेपी नावाचा म्हातारा कोळी तेव्हा एक लाकडी माकूल काढी. आकाराने मादीसारखी, पाठीवर आरशाचे तुकडे बसवलेले. ती दोराला बांधून होडीमागून हळूहळू ओढायची.

"नर येतो आणि तिला घट्ट मिठी मारतो. इतका खुळा, की वर ओढलं तरी सोडत नाही."

"आणि ती लाकडाची आहे हे त्याला कळतं कधी?"

"होडीत आल्यावर." उन्मेषने चष्मा सारखा केला. "बिचाऱ्याचा दोष नाही. इतकी चमकते ती..."

तो हे बोलताना स्लाइडकडे पाहत नव्हता. रूपालीने खाली मान घातली. तिला गोड वाटलं, आणि त्याच क्षणी आत काहीतरी टोचलं.

"पकडलेल्या माशांचं काय करायचात तुम्ही?" तिने विषय बदलला.

तो जरा अडखळला. "बेपीला द्यायचो... सगळे."

"हं," रूपाली म्हणाली. बरोबरच आहे. याच्याकडे चालत नाही.

*

व्याख्यानाला सभागृह भरलं. पुढच्या रांगेत उन्मेषची आई, प्रेमलाबाई, हातात पुठ्ठ्याचा पंखा घेऊन बसल्या होत्या. मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेले प्रतापसिंहराव, आणि त्यांच्या शेजारी समोरच्या घरच्या तरुबेन. "फोरेनना फोटा" बघायला त्या हट्टाने आल्या होत्या. रूपाली प्रोजेक्टरपाशी उभी होती. मोतिया रंगाची साडी आईची होती.

उन्मेष छान बोलला. बोराने हवेत उडालेली टोपी, शिरोक्कोनंतरचा पहाटेचा फेस, लाकडी माकूल... लोक हसले. प्रत्येक स्लाइडला तो "याचं मराठी नाव रूपालीताईंकडून" म्हणे आणि ती अंधारातून सांगे. मग दिवे लागले आणि दिनकरराव उभे राहिले.

"ते वारे-बिरे सगळं ठीक. पण मुद्द्याचं सांगा, गुरुजी. एवढे मासे पकडलेत, खाल्लेत की नाही?"

हशा झाला. उन्मेषने पुढच्या रांगेकडे पाहिलं. पंखा थांबला होता. नाही म्हणणं किती सोपं होतं! बेपीला दिले, असं म्हटलं की झालं.

"खाल्ले, काका," तो म्हणाला. त्याचा चेहरा पार लाल झाला होता. "पहिल्यांदा लाजत खाल्ले. नंतर मागून घेऊन."

कुणीतरी टाळी वाजवली, कुणी च्च् च्च् केलं. प्रेमलाबाई मांडीवरच्या पंख्याकडे बघत राहिल्या. वातावरण हलकं करायला दिनकरराव प्रोजेक्टरकडे वळले.

"आणि आमच्या रूपालीताई? माशांची नावं कशी मुखोद्गत! घरी असतंच म्हणा तुमच्याकडे, नाही का?"

सगळी तोंडं वळली. प्रेमलाबाईंचंही. मागून तरुबेनही मान उंचावून बघत होत्या. रूपालीला टाकीजवळचा रस्ता आठवला, डांबरावरचे मासे आठवले.

"छे, छे," तिने ऐकलं, तिचाच आवाज होता. "आमच्याकडे नाही चालत. मी नुसती कापून बघते."

लोक खळखळून हसले. उन्मेष हसला नाही. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि वाकून वायर गुंडाळायला लागला. मागच्या रांगेत प्रतापसिंहराव शर्टाची बाही उगाच नीट करत होते.

चहाच्या वेळी प्रेमलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "बरं वाटलं हो ऐकून. आमच्या दिवट्याने तर नाक कापलं. तुला तरी धरबंध आहे. रविवारी येते मी तुमच्याकडे, तुझ्या वडिलांना भेटायला."

रूपालीला जे हवं होतं, ते तिला मिळालं होतं. तिला होडीमागची ती लाकडी मादी आठवली, पाठीवर आरशाचे तुकडे असलेली.

घरी येताना रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "साडी छान दिसत होती. आईची, नाही?"

*

रविवारी बाबांचा गुडघा बरा होता. ते नेहमीसारखे सायकल काढून गेले आणि नेहमीसारखे परत आले. पिशवी ओट्यावर ठेवली. रूपालीने मेथीची जुडी उचलली.

खाली काही नव्हतं. घडी न मोडलेलं कोरडं वर्तमानपत्र.

"बाबा... मासे?"

"नाही आणले. पाहुणे यायचेत ना." ते चटईवर बसले, मेथी पुढ्यात ओढली. मग पानं खुडता खुडता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आणि आपल्याकडे चालत नाही ना, बेटा."

त्यात टोमणा नव्हता. असता तर तिला भांडता आलं असतं.

आई गेली तेव्हा बाबांना चहासुद्धा येत नव्हता. आईच्या हातचा रस्सा त्यांनी आठवून आठवून जमवला. कधी आंबट, कधी अळणी. आणि एका रविवारी अचानक अगदी तसाच. त्या दिवशी दोघंही ताटावर रडली होती. त्या रश्श्याला, त्या ओट्याला, या माणसाला तिने भर सभेत 'छे, छे' म्हटलं होतं. खाली मासे, वर मेथी. बाबा पिशवी झाकत होते. तिने बाबांनाच झाकून टाकलं होतं.

तिने सनीची किल्ली उचलली.

"अगं, पाहुणे..."

"आलेच."

बाजारात मासळीवाल्या मंदाने तिला ओळखलं. "आज बाबा नाय आले? थांब, वरून घालायला मेथी मागवते."

"नको," रूपाली म्हणाली. "वरून काही नको. आणि कागदही नको."

पारदर्शक पिशवीतली पापलेटं हँडलला लटकवून ती घराकडे नाही, मांजलपूरला, उन्मेषच्या घराच्या रस्त्याला लागली. सिग्नलला लोक वळून बघत होते. बघू देत, असं ती मनाशी म्हणत होती. पण कान जळत होतेच.

प्रेमलाबाई बाहेर पडायच्या तयारीत होत्या. दाराशी ताजी रांगोळी होती.

"अगं, तू? आम्हीच निघतोय. आत ये."

"काकू, मी आत येत नाही. माझ्याजवळ मासे आहेत."

प्रेमलाबाईंनी पिशवीकडे पाहिलं. पापलेटांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे चालतं," रूपाली एका दमात म्हणाली. "दर रविवारी. माझे बाबा करतात आणि फार छान करतात. त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमच्यासमोर... आणि त्यांच्यासमोर. तुम्ही घरी येण्याआधी तुम्हाला हे कळायला हवं होतं. म्हणजे मग यायचं की नाही..."

आतून उन्मेष दारात येऊन उभा राहिला होता.

मग प्रेमलाबाई म्हणाल्या, "माझ्या रांगोळीवर पाणी ठिबकतंय."

"अय्या... सॉरी."

"आणि किती वेळ उन्हात उभी राहणार आहेस? खराब होतील."

"काय?"

"ते! मला त्यातलं काही कळत नाही, पण या उन्हात दूधसुद्धा टिकत नाही. जा घरी." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "उन्मेष, जा तिच्याबरोबर. माझा नमस्कार सांग तिच्या वडिलांना. मी... आज नाही येत. मला जरा वेळ लागेल."

फाटकाबाहेर येईपर्यंत रूपालीने डोळे आवरले होते. "संपलं," ती म्हणाली.

"छे!" उन्मेषने स्कूटरला किक मारली. "आई पाण्यासारखी आहे. ऊब धरायला महिनाभर लागतो. पण धरली की लवकर सोडत नाही. विशिष्ट उष्मा."

*

प्रतापसिंहराव अजून मेथीच निवडत होते. लेकीच्या हातातली उघडी पिशवी त्यांनी पाहिली, तिच्यामागचा उन्मेष पाहिला आणि ते गडबडून उठले.

"बाबा, आपल्याकडे चालतं," रूपाली म्हणाली. "मी काकूंना सांगून आले. त्या दिवशी मला लाज वाटली. आणि तेव्हापासून त्या लाजेचीच इतकी लाज वाटतेय, की..."

बाबांनी पिशवी घेतली. उजेडात धरली.

"ताजे दिसतायत. डोळे बघून घेतलेस ना?"

"हो."

"मग रडतेस काय? मसाला वाट."

त्यांनी सवयीने उदबत्ती काढली, थोडा विचार केला आणि परत ठेवून दिली. मग खिडकीकडे गेले. रविवारची, सकाळीच सवयीने बंद केलेली खिडकी, तिचं लाकूड फुगून चौकटीत बसलं होतं. बाबांनी जोर लावला, उन्मेषने खांदा लावला आणि खिडकी केवढातरी आवाज करत उघडली.

समोरच्या गॅलरीत तरुबेन कपडे वाळत घालत होत्या.

"प्रतापभाई!" त्यांनी हाक मारली. "आजे उपर मेथी ना मूकी?"

बाबा जागच्या जागी थिजले.

"एटलां वरसथी जोउं छुं, रविवारे तमारे त्यां मेथी आवे, ने सुगंध दरियानी आवे! मने तो पहेला दिवसथी खबर छे, भाई." त्यांनी ओढणी झटकून चिमटा लावला. "तमारी बारी खुल्ली राखो. हुं मारी बंध करी दईश. बस?" आणि खरोखरच आत जाऊन त्यांनी आपली खिडकी लावून घेतली. अगदी हळू, राग न दाखवता.

बाबा आधी खोकल्यासारखं हसले, मग पोट धरून. तवा तापायला ठेवून ते अजूनही हसतच होते.

रूपाली मात्र कपाळाला हात लावून चटईवर बसली. "म्हणजे तरुबेनना माहीत होतं..."

"मलाही," उन्मेष म्हणाला.

"काय?"

"टाकीजवळ ती पुडी उचलली ना मी. कोकमाची. डिसेक्शनला कोकम लागत नाही, एवढं फिजिक्सवाल्यालाही कळतं."

रूपालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"पाणी स्वच्छ होतं," तो म्हणाला. "बोललं की मासा बुजतो."

आत पापलेट तव्यावर पडलं आणि चर्र झालं. खिडकीतून वारा आला. चैत्राचा, जरा तापलेला. उन्मेष तिच्या शेजारी टेकला, त्याने चष्मा सारखा केला, घसा साफ केला.

"आता बोलू?"

"आधी मेथी निवडा," रूपाली म्हणाली आणि जुडी त्याच्या पुढ्यात ठेवली.

तो खरंच मेथी निवडायला लागला. पानं कमी आणि काड्या जास्त, अशी. आणि खाली मान घालून, मेथीलाच सांगावं तसं, अगदी हळू तो म्हणाला, "मला तू आवडतेस, रूपाली. अगदी डांबरावर मासे सांडलेस तेव्हापासून."

तिचे कान पुन्हा लाल झाले. पण या वेळी ते तिने झाकले नाहीत.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

"खोटं."

"हो," रूपाली म्हणाली. "पण हे शेवटचं."